राजदूत मॉर्गेनथाऊ आणि १९१५ चा उन्हाळा

१६ जुलै १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, वॉशिंग्टनला एक तार गेली. शांतपणे राहणाऱ्या आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि त्यांच्यावरचे अत्याचार वाढत चालले आहेत, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या हकिगती ऐकता, बंडाला उत्तर देण्याच्या बहाण्याने एक अख्खा वंश संपवण्याची मोहीम सुरू आहे, असं तीत म्हटलं होतं. तार पाठवणारे होते उस्मानी साम्राज्यातले अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेनथाऊ. वय ५९. राजदूत होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याआधीची हयात न्यूयॉर्कमध्ये वकिली आणि जमिनीचे व्यवहार करण्यात गेलेली.

मॉर्गेनथाऊंचं आयुष्य मोठं आहे, पण इथे त्यातली एकच परिस्थिती नीट बघायची आहे. स्वतःचं सरकार युद्धात तटस्थ. दबाव आणायला फौज नाही, आरमार नाही. समोरचे मंत्री भेटीला कधीही तयार, बोलायला मोकळे. आणि साम्राज्याच्या आतल्या भागातून अमेरिकेचे वाणिज्यदूत आणि मिशनरी जे कळवत होते ते वाचवत नाही असं. आयुष्यभर सौदे जुळवलेला माणूस अशा वेळी काय करतो? माझं मत आधीच सांगून टाकतो: त्यांची घासाघीस करण्याची हातोटी नेमक्या गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरली, आणि पैसा उभा करण्याची सवय लाखाहून जास्त मुलांना जगवून गेली. असं का झालं, हे या प्रकरणाचं खरं मर्म आहे.

मॅनहाइम ते मॅनहॅटन

जन्म १८५६ चा, जर्मनीतल्या मॅनहाइमचा, ज्यू कुटुंबातला. वडील लाझारस सिगारचे कारखानदार होते आणि त्यांचा माल अमेरिकेत खपत असे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, आयातीवर जबर जकात बसली आणि धंदा बसला. १८६६ मध्ये सगळं बिऱ्हाड न्यूयॉर्कला आलं. वडिलांना तिथे पुन्हा पहिल्यासारखं उभं राहता आलं नाही. मुलाने कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली, भागीदारीत वकिली केली, आणि १८९९ पासून पूर्णवेळ जमीन-इमारतींच्या व्यवसायात उतरला. शहर उत्तरेकडे सरकणार, रेल्वे तिकडे जाणार, हे ओळखून वरच्या मॅनहॅटनमध्ये आणि ब्राँक्समध्ये आधीच जागा घेऊन ठेवायच्या, हे त्यांच्या यशाचं साधं गणित होतं.

पैसा झाल्यावर तो बाहेर काढण्याची सवयही याच काळातली. १९११ मध्ये पती-पत्नींनी ब्राँक्समधल्या स्थलांतरितांसाठी ब्राँक्स हाउस ही संस्था काढली. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, स्टीफन वाइज यांच्या फ्री सिनेगॉग या प्रार्थनामंदिराचे ते अध्यक्ष होते. १९१२ मध्ये वुड्रो विल्सन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अर्थसमितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. विल्सन जिंकले. मॉर्गेनथाऊंना मंत्रिमंडळाची आशा होती, हाती आलं कॉन्स्टँटिनोपल. ही जागा ज्यू माणसाला द्यायची, असा अमेरिकन राजकारणातला एक पायंडाच पडला होता आणि तो त्यांना खटकत होता. आधी त्यांनी नकार दिला, मग वाइज यांनी मन वळवलं. नोव्हेंबर १९१३ च्या अखेरीस ते कॉन्स्टँटिनोपलला पोचले.

पहिली तार: पन्नास हजार डॉलर

१९१५ मध्ये त्यांनी काय केलं ते कळायला एक वर्ष मागे जावं लागतं. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं. पॅलेस्टाइन तेव्हा उस्मानी राज्यात होतं आणि तिथली ज्यू वस्ती बरीचशी युरोपातून येणाऱ्या मदतीवर जगत होती. ती मदत एकदम आटली. ३१ ऑगस्टला मॉर्गेनथाऊंनी न्यूयॉर्कमधले बँकर जेकब शिफ यांना तार केली.

ही तार मला फार बोलकी वाटते. मदत करणारे देशच युद्धात उतरल्याने संकट आलं आहे, हे एका ओळीत. पन्नास हजार डॉलर लागतील, हा आकडा. पैसे पॅलेस्टाइनमधले झायनिस्ट प्रतिनिधी डॉ. रुपिन यांच्या अध्यक्षतेखालच्या जबाबदार समितीकडे जातील, हा पत्ता. कशासाठी? कर्ज देणारी संस्था उभारायला, आणि कमावता माणूस सैन्यात गेला आहे अशा घरांना आधार द्यायला. शेवटी सरळ प्रश्न: हे काम तुम्ही अंगावर घ्याल का? कर्जाच्या अर्जात बँकेला जे जे हवं असतं ते सगळं त्यात आहे. रक्कम, कारण, पैसे कोणाच्या हातात जाणार, आणि पुढे त्यातून काय उभं राहणार. करुण वर्णन जवळजवळ नाही. शिफ यांना वर्णनाची गरज नव्हती, हे मॉर्गेनथाऊ ओळखून होते.

पैसे उभे राहिले. निम्मे अमेरिकन ज्यू कमिटीने दिले, उरलेले शिफ आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मायभूमी उभारू पाहणाऱ्या झायनिस्ट संघटना यांनी वाटून घेतले. काही आठवड्यांत ‘नॉर्थ कॅरोलायना’ या अमेरिकन युद्धनौकेवरून ती रक्कम सोन्याच्या रूपात याफा बंदरात पोचली. सोबत मॉर्गेनथाऊंचे जावई मॉरिस वर्थाइम होते. त्याच हालचालीतून नोव्हेंबर १९१४ मध्ये न्यूयॉर्कला एक संयुक्त मदत समिती उभी राहिली. ‘जॉइंट’ या नावाने ती आजही काम करते.

पन्नास तरुण

ऑक्टोबर १९१४ च्या शेवटी उस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं. ब्रिटन, फ्रान्स अशा शत्रुराष्ट्रांचे राजदूत निघून गेले आणि त्यांच्या नागरिकांची जबाबदारी तटस्थ अमेरिकेच्या वकिलातीवर आली. मे १९१५ मध्ये डार्डनेल्सच्या तोंडाशी, गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर लढाई जुंपलेली असताना युद्धमंत्री एन्व्हर पाशांनी ठरवलं की राजधानीतले ब्रिटिश आणि फ्रेंच नागरिक गॅलिपोलीच्या गावांत नेऊन ठेवायचे. दोस्तांच्या तोफा त्या गावांवर पडत होत्या. आता पडल्या तर त्यांचीच माणसं मरतील.

मॉर्गेनथाऊ एन्व्हरना भेटले, पुन्हा भेटले. हुकूम मागे घ्या, असा हट्ट त्यांनी धरला नाही. सगळ्यांऐवजी किती? बायका-मुलं वगळली तर? पन्नास चालतील का? त्यातही सर्वांत तरुण, म्हणजे हालअपेष्टा सोसू शकतील असे? आकडा पन्नासवर आला, निम्मे ब्रिटिश, निम्मे फ्रेंच. वकिलातीतले हॉफमन फिलिप हे वरिष्ठ अधिकारी त्यांच्याबरोबर गेले, म्हणजे ही मुलं अमेरिकेच्या नजरेखाली राहिली. थोड्याच दिवसांत ती सगळी सुखरूप परत आली.

इथे घासाघीस जमली, कारण एन्व्हरना त्या माणसांचा जीव नको होता. त्यांना दाखवायची होती ती धमकी, आणि आपला शब्द खाली पडला नाही हे समाधान. पन्नास जणांतही ते मिळत होतं. दोन्ही बाजूंना घरी नेण्यासारखं काहीतरी होतं. असा व्यवहार जुळवणं मॉर्गेनथाऊंना न्यूयॉर्कमध्ये पाठ झालेलं होतं.

जिथे किंमतच नव्हती

त्याच वसंतात दुसरं काही सुरू झालं होतं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीतले आर्मेनियन लेखक, वकील, संपादक, पुढारी धरले गेले. मग अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, गावागावांतून पुरुष वेगळे काढून मारले जाऊ लागले, आणि बायका, मुलं, म्हातारी माणसं यांचे तांडे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकले जाऊ लागले. पूर्व अनातोलियातल्या हारपूतहून अमेरिकन वाणिज्यदूत लेस्ली डेव्हिस लिहीत होते, अलेप्पोहून जेसी जॅक्सन. अलेप्पो ही तांड्यांच्या वाटेवरची मोठी थांबण्याची जागा होती, त्यामुळे निघाले किती आणि पोचले किती यातली तफावत जॅक्सन यांना डोळ्यांसमोर दिसत होती. तारा अडवल्या जात, पत्रं उघडली जात, तेव्हा बरीच माहिती मिशनऱ्यांच्या हातून राजधानीत पोचे.

या तांड्यांच्या वाटेवरचं रास अल-ऐन हे ठिकाण आपल्या इतिहासातही येतं. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामासाठी याच रास अल-ऐनला नेण्यात आलं. त्याच माळावर आदल्या वर्षापासून आर्मेनियन निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि त्यांच्या कत्तली झाल्या होत्या.

मॉर्गेनथाऊंनी जे जमतं तेच केलं. मंत्र्यांकडे फेऱ्या मारल्या आणि दर खेपेला नवी बाजू पुढे ठेवून पाहिली. त्यांच्या आठवणींत या भेटी तपशिलाने आल्या आहेत, आणि घासाघिशीचा अभ्यास म्हणून त्या एकामागून एक वाचाव्यात.

आधी त्यांनी नुकसानीचा हिशेब मांडला. आर्मेनियन हे तुमचे व्यापारी आणि कारागीर आहेत, ते गेले तर देशाचं दिवाळं निघेल, असं त्यांनी गृहमंत्री तलात यांना सांगितलं. व्यापारी नुकसानीची आम्हाला पर्वा नाही, असं तलात म्हणाले. तो आकडा आम्ही काढून ठेवला आहे आणि पन्नास लाख पौंडांच्या वर तो जात नाही. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यासाठी यापेक्षा मोठा धक्का नसेल. समोरच्याने नुकसान मोजलं होतं, आणि मोजून ते पत्करलं होतं.

मग एन्व्हर यांच्यापुढे त्यांनी सुटकेची वाट ठेवली. हे प्रकार हाताखालच्या लोकांनी परस्पर केले असतील, तुमच्या कानावर आले नसतील, असं सुचवलं. व्यवहार तुटायला आला की समोरच्याला तोंड वर काढायला जागा द्यायची, ही जुनी रीत. एन्व्हर उलट दुखावले. देश पूर्णपणे आमच्या ताब्यात आहे, दोष हाताखालच्यांवर ढकलण्याची मला इच्छा नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

आणखी एका भेटीत तलातनी विचारलं, तुम्ही ज्यू, हे लोक ख्रिस्ती, तुम्हाला त्यांची एवढी काळजी कशाला? मी इथे ज्यू म्हणून आलेलो नाही, अमेरिकेचा राजदूत म्हणून आलो आहे, असं उत्तर मॉर्गेनथाऊंनी दिलं. विम्याचा प्रसंग तर सर्वपरिचित आहे. न्यूयॉर्क लाइफ आणि इक्विटेबल या अमेरिकन कंपन्यांकडे अनेक आर्मेनियन लोकांनी आयुर्विमा उतरवला होता. त्यांची यादी मिळवून द्या, असं तलात म्हणाले. माणसं मेलीच आहेत, वारस उरलेले नाहीत, तेव्हा पैसा सरकारचा. मॉर्गेनथाऊंनी यादी द्यायला साफ नकार दिला आणि ते उठून निघून आले.

गॅलिपोलीची पन्नास मुलं आणि हे, यात वेळेचं अंतर काही आठवड्यांचंच आहे. माणसंही तीच. फरक एवढाच की इथे माणसं संपवणं हेच उद्दिष्ट होतं. समोरच्याला जे हवं आहे त्याच्या बदल्यात दुसरं काही घ्यायला तो तयार असेल, तरच सौदा सुरू होतो. इथे मॉर्गेनथाऊंकडे बदल्यात देण्यासारखं काहीच नव्हतं. ज्यांचं वजन पडलं असतं ते जर्मन राजदूत वांगेनहाइम यांना त्यांनी पुन्हा पुन्हा गळ घातली. जर्मनीने आपल्या दोस्त सरकारला दुखवायचं नाही असं ठरवलेलं होतं. वॉशिंग्टनकडून पाठिंब्याचे शब्द आले, पण तटस्थतेपलीकडे विल्सन जाणार नव्हते.

३ सप्टेंबरची तार

इथे त्यांची दुसरी सवय कामी आली. आर्मेनियन वंशाचा नाश झपाट्याने होत आहे, असं ३ सप्टेंबरला त्यांनी परराष्ट्र खात्याला कळवलं, आणि त्याच तारेत एक विनंती केली: क्लीव्हलंड डॉज, चार्ल्स क्रेन, जॉन मॉट, स्टीफन वाइज अशा मंडळींना समिती करून पैसा उभा करायला सुचवा. काही आर्मेनियन लोकांना अमेरिकेत जाऊ देण्याचं एन्व्हरनी कबूल केलं आहे, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांनी त्यांना नेण्याचा भार उचलावा, असंही त्यात होतं. हे स्थलांतर प्रत्यक्षात आलं नाही. समिती मात्र झाली.

नावांची निवड बघा. डॉज हे तांब्याच्या उद्योगातलं बडं प्रस्थ, विल्सन यांचे प्रिन्स्टनपासूनचे मित्र, आणि तुर्कस्तानातल्या अमेरिकन कॉलेजांशी घरचं नातं असलेले. क्रेन शिकागोचे कारखानदार. मॉट वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे, म्हणजे चर्चला जाणाऱ्या अमेरिकेचे. वाइज रब्बी. चार नावांत धनिक, चर्च, ज्यू समाज आणि राष्ट्राध्यक्षांचं घर, सगळे दरवाजे ठोठावले गेले. १६ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये डॉज यांच्या कार्यालयात बैठक बसली. अध्यक्ष झाले जेम्स बार्टन, जे स्वतः हारपूतला मिशनरी होते. तिथल्या गल्ल्या त्यांना ठाऊक होत्या. पैसे वाटण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज पडली नाही. वकिलात, गावोगावचे अमेरिकन वाणिज्यदूत आणि मिशनचे कॉन्स्टँटिनोपलमधले खजिनदार विल्यम पीट यांची जुनी घडी होतीच.

१९१४ च्या तारेत रक्कम होती, १९१५ च्या तारेत नाही. याचा अर्थ मला असा लागतो की या वेळी गरज किती मोठी आहे याचा अंदाज त्यांनाही बांधता येत नव्हता. ज्यांना तो बांधता येईल अशी माणसं एका खोलीत बसवणं एवढंच हातात होतं.

ही समिती नावं बदलत वाढली. १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तिला ‘नियर ईस्ट रिलीफ’ या नावाने सनद दिली. १९३० पर्यंत तिने ११ कोटी डॉलरहून अधिक मदत गोळा केली आणि सुमारे १ लाख ३२ हजार अनाथ मुलांचा सांभाळ केला. त्यात आर्मेनियन होती, तशीच ग्रीक आणि असिरियनही. शाळकरी मुलांचे पैसे, चर्चमधल्या पेट्या, रविवारी साधं जेवून वाचवलेले डॉलर, असा हा पैसा होता.

फेब्रुवारी १९१६ मध्ये मॉर्गेनथाऊंनी कॉन्स्टँटिनोपल सोडलं. तुर्कस्तान आपल्यासाठी भयाची जागा झाली आहे, असं त्यांनी लिहिलं. ज्यांनी हे केलं त्यांच्याशी रोज हसून बोलणं त्यांना अशक्य झालं होतं. त्यांनी राहायला हवं होतं, असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. मंत्र्यांपुढे त्यांचे शब्द संपले होते, आणि मायदेशी सभा घेऊन पैसा उभा करणं यात ते जास्त उपयोगी होते.

आक्षेप

आठवणींचं त्यांचं पुस्तक १९१८ मध्ये आलं. त्याचं प्रत्यक्ष लेखन पत्रकार बर्टन हेंड्रिक यांनी केलं होतं, आणि अमेरिका जर्मनीशी लढत असताना जनमत तयार करणं हा त्यामागचा एक उघड हेतू होता. मॉर्गेनथाऊंनी विल्सनना पत्र लिहून तसं कळवलंही होतं. १९९० मध्ये हीथ लाउरी या इतिहासकाराने पुस्तक आणि मूळ रोजनिशी शेजारी ठेवून दाखवलं की काही संवाद रंगवलेले आहेत. रोजनिशी टंकायला मदत करणारे हागोप अंदोनियन आणि वकिलातीचे कायदेसल्लागार अर्शाग श्माव्होनियन हे दोघे आर्मेनियन होते, याकडेही बोट दाखवलं जातं. तुर्क लोकांबद्दल सरसकट हिणकस बोलण्याचा त्या पुस्तकाचा सूर आज वाचताना खुपतो, आणि त्याचं समर्थन करता येत नाही.

म्हणून वर दिलेले संवाद त्यांच्या आठवणीतले म्हणूनच घ्यावेत. पण १९१५ च्या तारा आणि डेव्हिस, जॅक्सन यांचे अहवाल त्या पुस्तकाच्या आधीचे आहेत. ते लिहिले गेले तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती आणि जनमत घडवण्याचा प्रश्नही नव्हता. घडलं त्याला वंशसंहार म्हणायला तुर्की सरकार आजही तयार नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला वंशसंहार म्हणून औपचारिक मान्यता दिली ती २०२१ मध्ये. कागद मात्र १९१५ पासून वॉशिंग्टनच्या दप्तरात होते.

ग्रीस

१९१७ मध्ये तुर्कस्तानला युद्धातून वेगळं काढण्याच्या गुप्त कामगिरीवर त्यांना पाठवलं गेलं. जिब्राल्टरला झायनिस्ट नेते हाइम वाइझमन यांनी गाठून समजूत घातल्यावर ती तिथेच गुंडाळली गेली. १९१९ मध्ये पोलंडमधल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांच्या चौकशीसाठी ते गेले.

ग्रीसचं काम मात्र त्यांच्या हाताला बसलं. १९२३ च्या लोझान करारानुसार तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली, आणि आधी पळून आलेले धरून बारा लाखांहून अधिक निर्वासित छोट्याशा ग्रीसमध्ये आले. राष्ट्रसंघाने निर्वासित वसाहत आयोग नेमला. अध्यक्ष मॉर्गेनथाऊ, उपाध्यक्ष जॉन कॅम्बेल, जे आधी हिंदुस्थानात आयसीएस अधिकारी होते. निर्वासितांना खायला घालत बसायचं नाही, जमीन, बी-बियाणं, जनावरं आणि घर देऊन त्यांना कमावतं करायचं, असं धोरण होतं, आणि त्याला लागत होतं मोठं कर्ज. मॉर्गेनथाऊंनी बँक ऑफ इंग्लंडकडून आधी आगाऊ रक्कम मिळवली, आणि १९२४ च्या अखेरीस सुमारे एक कोटी पौंड हाती देणारं कर्ज लंडन, न्यूयॉर्क आणि अथेन्सच्या बाजारात उभं राहिलं. इथे प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. ग्रीक सरकारला स्थैर्य, बँकांना व्याज, निर्वासितांना शेत. कॉन्स्टँटिनोपलला ज्या कौशल्याला पकडायला धागा सापडला नव्हता, ते इथे पुरेपूर वापरलं गेलं.

मॉर्गेनथाऊ नोव्हेंबर १९४६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी न्यूयॉर्कला वारले. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी हीच परिस्थिती घरात पुन्हा आली होती. मुलगा हेन्री मॉर्गेनथाऊ ज्युनियर हे रूझवेल्ट यांचे अर्थमंत्री होते. युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलींची माहिती परराष्ट्र खातं दाबून ठेवतं आहे, असा अहवाल त्यांच्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनी तयार केला. १६ जानेवारी १९४४ ला तो घेऊन ते राष्ट्राध्यक्षांना भेटले, आणि २२ जानेवारीला ‘वॉर रेफ्युजी बोर्ड’ स्थापन झालं. वडिलांना सरकारकडून जे मिळालं नव्हतं, ते मुलाने सहा दिवसांत मिळवलं, अर्थात तोवर लाखो माणसं मारली गेली होती. बोर्डाच्या कामाला सरकारी पैसा थोडा होता. मोठा वाटा उचलला तो ‘जॉइंट’ने, १९१४ च्या त्या पन्नास हजार डॉलरच्या तारेतून उभ्या राहिलेल्या संस्थेने.